गुडघे, सामायिक आणि लेझीम



आपल्या मंदिरांत गेल्या काही वर्षांत एक गोष्ट हळूहळू वाढत चालली आहे, ती म्हणजे भिंतीकडेच्या खुर्च्या. पूर्वी एखाद-दुसरी असायची, ऐंशीच्या पुढच्या आजींसाठी. आता दशलक्षण पर्वात विधानाला बसायचे म्हटले की पन्नाशीतल्या बायकाही आधी खुर्ची धरून ठेवतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जमिनीवर बसून सगळे चित्त गुडघ्यातच अडकणार असेल, तर खुर्चीवर बसून केलेले सामायिक केव्हाही चांगले. पण खुर्ची लागण्याच्या आधी आपण आपल्या पायांसाठी काय करतो? उपवास, एकाशन, रसत्याग यांचा हिशोब आपल्याला तोंडपाठ असतो. शरीराला काय द्यायचे नाही ते आपण फार चांगले शिकलो. त्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याचे बळ राखायचे, हे मात्र 'वेळ मिळाला तर' या खात्यात गेले.

माझाही नंबर लागला तो नव्या घरात आल्यावर. तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे की माझे माहेर वरळीची बीडीडी चाळ आणि सासरही तिथलेच, फक्त चाळीचा नंबर बदलला. ऑगस्ट २०२५ मध्ये म्हाडाने वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यांत आमचेही एक घर होते. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात आलो. घरातच संडास-बाथरूम, स्वयंपाकाला वेगळी खोली, उंच इमारत, लिफ्ट. आण्णा असते तर त्यांनी दारातच तीन वेळा णमोकार म्हटला असता.

आणि चार महिन्यांत माझे गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, म्हणाले, 'झीज थोडीच आहे, पण मांडीचे स्नायू फार ढिले पडलेत. गुडघ्याचा भार त्यांनी घ्यायचा असतो. औषधापेक्षा व्यायाम करा.' घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की चाळीत असताना मी व्यायाम म्हणून काहीच करत नव्हते, पण दिवसभर तोच चालू असायचा. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, संडास मजल्याच्या टोकाला. दूध, भाजी, दळण, गच्चीवरचे पापड, खाली पाटीवर कोण काय म्हणते ते ऐकायला जाणे, सगळे जिन्यावरून. पाटा जमिनीवर, जेवायला बसणे जमिनीवर, निवडणे-टिपणे जमिनीवर. नव्या घरात ओटा आला, डायनिंग टेबल आले, लिफ्ट आली. सुख आले त्याचे वाईट कोण मानेल? पण दिवसाच्या शंभर उठाबशा गेल्या, त्या कुणीतरी परत आणायला हव्या होत्या.

मग सुरू झाले सगळ्यांचे सल्ले. मुलगा म्हणाला जिम. तिथे आरशांसमोर यंत्रावर चालायचे मला जमेना. सून म्हणाली योगवर्ग. तो चांगला होता, पण नेमका अभिषेकाच्या वेळेला. सकाळचे चालणे सुरू केले आणि पंधरा दिवसांत कंटाळा आला. व्यायाम न टिकण्याचे मुख्य कारण आळस असते असे मला वाटत नाही. तो आपला वाटत नाही, हे असते.

आपला वाटणारा व्यायाम मला माझ्या नातीने आणून दिला. ती चौथीत. २६ जानेवारीच्या कवायतीसाठी शाळेत लेझीम बसवत होते आणि तिला पावले जमत नव्हती. 'आजी, सगळ्यांचा आवाज एकदम येतो आणि माझा नंतर येतो,' म्हणून रडत आली. मी तिच्या हातातली लेझीम घेतली. उजव्या हातात लाकडी दांडा, डाव्या हातात साखळीची मूठ. चाळीस वर्षे हात लावला नव्हता. पण एक-दोन-तीन-चार म्हणत वाकले आणि चारही आवाज जिथल्या तिथे आले. मग पवित्रा आठवला, दो रुख आठवले. आमच्या वेळेला हुकूम हिंदीतच असायचे, 'चार आवाज', 'आगे फलांग', आणि त्यावर मराठी मुली नाचायच्या. नात बघत राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या अशा दुखत होत्या की डॉक्टरांनी सांगितलेले स्नायू नेमके कुठे असतात ते मला कळले.

शाळेत असताना आम्हा चाळीतल्या मुलींचे एक लेझीम पथक होते. ते ८०-८४ चे दिवस. वरळीला बीडीडीच्या १२१ इमारती. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी बांधलेल्या, म्हणून बीडीडी. खोलीत आठ माणसे, त्यामुळे मुलगी हात लांब करून उभी राहील एवढी जागा घरात नव्हतीच. जे काही करायचे ते दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या पट्टीत, नाहीतर जांबोरी मैदानावर. मैदानावर मुलांची कबड्डी आणि क्रिकेट. कडेची जागा आमची. शिवजयंती असो, १४ एप्रिल असो, गणपतीची मिरवणूक असो, पथक तेच. कोकणातल्या मुली, घाटावरच्या मुली, बौद्ध घरांतल्या मुली आणि आम्ही दोघी-तिघी कोल्हापूरकडच्या जैन. रांगेत उभे राहिल्यावर कोण कुठली हे फक्त आवाज चुकला तरच कळायचे, कारण मग बाई नाव घेऊन ओरडायच्या.

आमच्या घरची अडचण मात्र वेगळीच होती. सराव संध्याकाळी सहाला, आणि हिवाळ्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. आईचा रात्रीभोजन त्याग कडक. भरल्या पोटी उड्या मारू नये हेही तिचेच म्हणणे. शेवटी तिने तोड काढली. शाळेतून आल्याबरोबर पाचच्या आत भाकरी-आमटी, मग अर्धा तास पाठ म्हणायचा आणि सूर्यास्तापूर्वी पाणी पिऊन खाली उतरायचे. सराव संपल्यावर बाकीच्या मुली वडापाव खायच्या, मी घरी येऊन हातपाय धुऊन आरतीला बसायचे. आज वाटते, धर्म आणि खेळ यांतले काहीतरी एक निवड असे आई कधीच म्हणाली नाही. तिने फक्त जेवणाची वेळ बदलली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आण्णा गिरणीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आमच्या मजल्यावर महिन्यामागून महिने पगार नाही. शिकवणी, क्लास, सहल, सगळे बंद झाले. लेझीम तेवढी बंद झाली नाही, कारण तिला पैसे लागत नव्हते. लेझिमा मंडळाच्या होत्या, कमी पडल्या की दोघींत एक. त्या वर्षी आमच्या घरातले चेहरे पडलेले असायचे, पण खाली उतरून चार आवाज सुरू झाले की छातीतले दडपण तासभर तरी उतरायचे. एवढे बळ मला त्या वयात दुसऱ्या कशाने दिले नाही.

मग ती सुटली कशी? भांडण नाही, बंदी नाही. दहावी झाली, दोन वर्षांनी लग्न ठरले, आणि रुखवतात कुणी लेझीम मांडत नाही. मुलीच्या अंगातला खेळ तिच्या लग्नाआधी आपोआप संपतो असे सगळ्यांनी धरूनच चाललेले होते. मीही धरले होते.

गेल्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, 'छावा' चित्रपटाच्या ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावरून मोठा वाद झाला आणि दिग्दर्शकांनी ते दृश्य काढून टाकले. त्या वादात मला पडायचे नाही. पण तेव्हा घरोघरी एक प्रश्न निघाला, लेझीम हा नाच की व्यायाम? माझ्यापुरते उत्तर मांड्यांनी दिलेच आहे. पण शब्दाचे मूळही तेच सांगते. लेझीम हा फारशीतून आलेला शब्द. धनुर्विद्या शिकणाऱ्याने हात कमावण्यासाठी वापरायचे सरावाचे धनुष्य, ज्याला दोरीच्या जागी लोखंडी साखळी असते, ती लेझीम. जुन्या लेझिमा बांबूच्या आणि जड असत. शाळांतून आली ती लहान, लाकडी दांड्याची, साखळीत चकत्या ओवलेली, किलोभर वजनाची. आखाड्यांतल्या पैलवानांनी तालमीच्या जोरांबरोबर ती फिरवली. देशी व्यायामाला शिस्त आणि मान देणाऱ्या संस्थांनी, उदाहरणार्थ १९१४ साली सुरू झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, असे प्रकार जपले. याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले होते.

मला या सगळ्यांत आवडले ते हे की लेझीम म्हणजे बाण नसलेले धनुष्य. दोरी ओढायची, पण सुटून कुणाला लागणारे काही नाही. निघतो तो फक्त आवाज. आपल्या घरात शोभेल असे शस्त्र असेल तर ते हेच.

स्वाध्यायाला येणाऱ्या एका वहिनींनी मला विचारले, 'शरीराचे एवढे लाड कशाला? ते तर सुटायचेच आहे.' प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर मला बाहुबली भगवंतांच्या कथेत सापडले. भरत आणि बाहुबली यांच्यात युद्धाची वेळ आली, तेव्हा दोन्हीकडच्या मंत्र्यांनी ठरवले की सैन्याचा संहार नको, भावाभावांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे. तिन्हींत बाहुबली जिंकले. मल्लयुद्धात त्यांनी भरताला उचलून खांद्यावर घेतले, आपटले मात्र नाही. आणि त्याच देहाने पुढे वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले, अंगावर वेली चढल्या तरी हलले नाहीत. कुंभोजच्या बाहुबलीला २८ फुटी मूर्तीसमोर आपण किती वेळा उभ्या राहिलो असू. ते खांदे, त्या मांड्या पाहा. वर्षभर उभे राहण्याचे तप दुबळ्या पायांनी झालेले नाही. शरीर सुटायचे आहे हे खरेच, पण सुटेपर्यंत त्याच्याकडूनच सामायिक करून घ्यायचे आहे, वंदना करून घ्यायची आहे, आहारदानाच्या वेळी चौक्यात उभे राहायचे आहे. लाड वेगळे आणि राखण वेगळी.

आता आमचे काय चालते ते सांगते. आम्ही सहा जणी आहोत. मी, माझी जाऊ, समोरच्या घरातल्या ताई (त्या आमच्या जुन्या पथकातल्याच, त्या काळी माझ्या शेजारी उभ्या असायच्या), कोकणातल्या दोन मावशी आणि एक नुकती बाळंतपणातून उठलेली सून, तिला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. लेझिमा शाळेच्या साहित्याच्या दुकानातून आणल्या.

आपल्या घरातल्या बायकांना जे प्रश्न पडतील ते मलाही पडले, म्हणून एकेक लिहिते.

जागा. गवतावर करत नाही, पावसाळ्यात मातीवर तर नाहीच. चातुर्मासात जमिनीवर किती जीव असतात ते आपण जाणतो, आणि लेझीममध्ये पाय आपटतात. आम्ही इमारतीखालच्या छताखालच्या कोरड्या फरशीवर करतो. आधी मऊ केरसुणीने अलगद झाडून घेते, दिव्याखाली नीट पाहते, मगच पहिले पाऊल. बाकीच्या सुरुवातीला हसल्या. आता माझ्याआधी कुणी आली तर तीच झाडून घेते.

ताल. पूर्वी हलगीवर नाचायचो. पाठशाळेत जाणाऱ्या माझ्या नातीनेच विचारले, 'आजी, हलगीला चामडे असते ना?' असते. म्हणून आम्ही झांज घेतली. झांज नसली तर टाळ्या. बूट कापडी, चामड्याचे नाहीत.

वेळ. सूर्योदयानंतर दोन घडी झाल्यावर पाणी घेऊन, थोडे काही खाऊन उतरतो. त्याआधी आवाज करायचा नाही असा आमचा नियम आहे, कारण इमारतीत आजारी माणसे आहेत, रात्रपाळीचे लोक आहेत. कुणाला आपल्या आवाजाचा त्रास होऊ नये, हीही अहिंसाच. उपवासाच्या दिवशी मी लेझीम धरत नाही, एकाशनाला फक्त हात आणि खांदे मोकळे करते. तपाच्या दिवशी तप, बाकीच्या दिवशी बळ.

गुडघे. ज्यांचे दुखतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मी फलांग मारत नाही, उड्या नाहीत. फक्त चार आवाज. पाय खांद्याइतके लांब ठेवून, गुडघे सहज वाकतील तेवढेच वाकवून खाली दोन आवाज, उठून छातीसमोर दोन आवाज. सुरुवातीला दहा वेळा, मग थांबा. पहिला महिना मी वीसच्या पुढे गेले नाही. गंमत अशी की नुसत्या वीस बैठका काढा म्हटले तर आठव्या बैठकीला जीव जातो, पण आवाजाच्या मागे गेले की मोजायचेच राहून जाते. शिवाय कमी वाकले तर आवाज उशिरा येतो आणि सगळ्या तुमच्याकडे बघतात. याहून चांगला गुरू कुठला?

पाळी गेल्यानंतर आपली हाडे वेगाने विरळ होतात, हे आता सगळ्या डॉक्टर सांगतात. पायांवर भार घेऊन केलेला व्यायाम हाडांना लागतो. आपल्यातल्या कित्येक जणी घराच्या आतच दिवस काढतात, ऊन अंगावर पडत नाही, त्यात खाण्याचे नियम. नियम सोडायचे नाहीत, पण मग दूध, डाळी, तीळ, नाचणी यांकडे आणि पायांकडे जास्त लक्ष द्यायला हवे की नको?

आता फळ काय मिळाले ते. आठ महिने झाले. जिना दोन मजले न थांबता चढते. दोन घडींचे सामायिक जमिनीवर बसून होते, रोज नाही, पण बऱ्याच दिवशी होते, आणि उठताना भिंत धरावी लागत नाही. ज्या दिवशी गुडघा कुरकुरतो त्या दिवशी खुर्ची घेते, मनात काही न आणता.

पण माझ्या मनात खरी गोष्ट वेगळीच आहे. आईला शिखरजीची वंदना करायची फार इच्छा होती. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार. ती गेली तेव्हा तिचे पाय थकले होते, डोलीत बसवून न्यावे लागले. परत आल्यावर ती दर्शनाबद्दल भरभरून बोलली, पण रात्री मला जवळ बसवून म्हणाली, 'बाई, डोलीवाल्या पोरांचे खांदे सोलवटले होते गं. माझ्या पुण्याचा भार त्यांनी वाहिला.' डोलीवाल्यांचे पोट त्यावर चालते, आणि म्हाताऱ्या माणसाने डोलीत बसू नये असे मी कधीच म्हणणार नाही. पण ज्याच्या पायांत जोर राखता येत होता त्याने तो राखावा, हे मी त्या वाक्यातून घेतले.

येत्या थंडीत मी आणि जाऊबाई शिखरजीला जाणार आहोत. मधुबनहून पहाटे अडीच-तीनला निघायचे, हातात काठी, पाय अनवाणी. पूर्ण वंदना पायी होईल का ते मी आज सांगू शकत नाही. नाही झाली तर डोली आहेच. पण पार्श्वनाथ टोंकेपर्यंत जितके जमेल तितके स्वतःच्या पायांनी जायचे एवढे ठरवले आहे, आणि त्यासाठी रोज चार आवाजांत पाच-पाच वाढवते आहे.

आपल्या महिला मंडळांना एक विनंती आहे. महावीर जयंतीच्या शोभायात्रेसाठी आपण आठ दिवस आधी लेझीम बसवतो, केशरी साड्या नेसतो, सुंदर खेळतो, आणि दुसऱ्या दिवशी लेझिमा पोत्यात भरून कपाटात ठेवतो. ते पोते बाहेर काढा. पाठशाळेच्या मुलींना शिकवा, त्यांच्या आयांना शिकवा. लग्न झालेल्या मुलीलाही लेझीम धरता येते हे त्या मुलींनी लहानपणीच पाहू दे. वरळी-परळकडे राहणाऱ्या कुणाला आमच्याबरोबर यायचे असेल तर जरूर या, सकाळी सव्वासातला आम्ही फरशी झाडत असतो.